माहेराची भिंत फुगली तेव्हा

"म्हणजे तुम्ही नक्की करता काय हो?" हा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत आलेला आहे. बँकेतल्या माणसाला कोणी असं विचारत नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. मी साकीनाक्याच्या गाळ्यात बसून गाड्यांना भिंती लावतो, असं सांगितलं की शेजारचा माणूस हातात जिलबी धरून क्षणभर बघत राहतो आणि मग पलीकडच्याशी बोलायला लागतो. त्यामुळे दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा आधी माझ्या बायकोचा विश्वास बसला नाही, आणि तिचा बसला नाही म्हणून माझाही बसेना.

तर ऐका. ॲम्ब्युलन्स, आइस्क्रीमची गाडी, शूटिंगवाल्यांची मेकअपची गाडी, यांच्या भिंती आपल्या घरासारख्या विटांच्या नसतात. सँडविच असतं ते. बाहेरून गुळगुळीत फायबरची शीट, तिच्यामागे पातळ प्लायवूड, मग थर्माकोलसारखा फोम आणि आत परत प्लायवूड. हे सगळं एकमेकांना गोंदाने घट्ट चिकटवलेलं. दिसायला अंगठ्याएवढी जाड भिंत, पण त्या चिकटण्यात तिचा सगळा जीव. आत पाणी शिरलं की प्लायवूड कुजतं, गोंद सोडतो आणि बाहेरची शीट टम्म फुगून येते. आम्ही म्हणतो, शीट सुटली. सुटलेली शीट रोगी माणसासारखी नसते, बरं का. ती खाऊनपिऊन सुखी दिसते! मालक महिनोन् महिने गाडी पुसतो आणि म्हणतो, काय चकाकतेय बघा. आतून वाट लागलेली असते.

या धंद्यात मी बरंच काही पाहिलं. दिंडोशीला एका प्रचाररथाची अख्खी बाजू भाषण चालू असताना गळून पडली आणि आत साहेब बनियनवर वडापाव खात बसलेले लोकांना दिसले. माझं काम नव्हतं ते, आधीच सांगतो. पण संपादकबाईंनी एकच जागा दिली आहे, आणि ती जागा मी तीन म्हाताऱ्यांना देणार आहे. म्हाताऱ्या म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. वाचतील आणि फोन करतील.

कुसुमताई, शालिनीताई आणि बेबीताई, सख्ख्या तिघी बहिणी. कुसुमताई चौऱ्याहत्तरच्या, मुलुंडच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरचा माणूस पाचवी ब मध्ये आहे अशा आवाजात बोलतात. शालिनीताई घाटकोपरच्या, स्वच्छतेच्या बाबतीत हाताबाहेर गेलेल्या. बेबीताई सहासष्टच्या आहेत, तरी नाव बेबीच. बोरिवलीला त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. आईवडील गेले, अंधेरीची जागा विकली गेली, आणि एका श्रावणात तिघींच्या लक्षात आलं की नागपंचमीला जायला आता माहेरच उरलं नाही. दुसऱ्या कोणी डोळे पुसून सिरियल लावली असती. या तिघींनी एक जुना ट्रेलर विकत घेतला. म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचं, चाकांवरचं घर. दोन बाकं-कम-पलंग, छोटा ओटा, खिडक्यांना पडदे. ठरवलं काय, तर दरवर्षी श्रावणात तिघींनीच यातून कुठेतरी जायचं, चार दिवस लोळायचं आणि सुनेला, जावयाला, नातवंडांना फोनवर सांगायचं, "आम्ही माहेरी आहोत."

तो ट्रेलर तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना दुरुस्त करून दिला. मुलुंडला कुसुमताईंच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये तो उभा केला आणि त्यांनी रीतसर त्याची वास्तुशांत घातली! गुरुजी चक्रावले. वाहनपूजा करायची का वास्तुपूजा, आणि दार पूर्वेला पाहिजे ते कसं? बेबीताई म्हणाल्या, "गुरुजी, पूर्वेला पाहिजे ना? थांबा, फिरवते." आणि आम्ही पाच जणांनी ढकलून घर पूर्वेला फिरवलं. गुरुजींनी हात जोडले. मग बाहेरच्या भिंतीवर दाराशेजारी पितळी पाटी लागली. तिच्यावर एकच शब्द होता, "माहेर". शिरा-पुरीचं जेवण झालं, मी दोनदा घेतलं.

यंदा श्रावण लागायच्या सुमारास कुसुमताईंचा मुलगा निखिल याचा फोन आला. "दळवीकाका, ट्रेलरची भिंत फुगलीये. सोसायटी म्हणते, हलवा. एक जण फूड स्टॉलसाठी घ्यायला तयार आहे, पुढच्या रविवारी बघायला येतोय. मी विकून टाकतोय." मागून पाचवी ब चा आवाज आला, "निखिल! फोन इकडे दे." आणि मग, "दळवी, आठ दिवस आहेत. या."

मी गेलो. दारापासून खिडकीपर्यंत, एका माणसाच्या गादीएवढी शीट बाहेर आली होती. मी खिशातून नाणं काढलं. आमची तपासणी हीच. नाण्याने भिंत वाजवत जायचं. चिकटलेली असेल तर टक टक, सुटलेली असेल तर धब धब. आमच्याकडे कोकणात पिकलेला फणस ओळखतात, तसंच ते. फक्त इथे पिकलेला निघाला तर रडायचं. मी वाजवत गेलो आणि पेन्सिलने रेघ मारत गेलो. रेघ वाढतच गेली. तिघी माझ्यामागे ओळीने चालत होत्या आणि प्रत्येक धब ला "अगं बाई" करत होत्या.

"वाचेल का हो?" कुसुमताईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रश्न विचारलेला पहिल्यांदाच ऐकला. हुकूमच असायचे. "निखिलचं चुकत नाही. त्याला कटकट आहे. पण दळवी, हे गेलं ना, तर आम्ही तिघी फक्त कोणाच्या तरी आया आणि सासवा. वर्षातले तीनशे एकसष्ट दिवस मी आहेच ती. हे चार दिवस घालवू नका माझे."

मी धंद्याचं बोलायला लागलो. "पाणी शिरलंय. धुताय का रोज?"

"रोज नाही, दर शुक्रवारी," शालिनीताई म्हणाल्या. "घाटकोपरहून येते ना मी. बादलीने पाणी मारते भिंतीवर, दारापुढे सडा घालते. माहेर आहे, कोळ्याची जाळी लागू देऊ?"

"बादलीने? भिंतीवर?" मी ओरडलोच. माझा स्वभाव वाईट आहे, मला माहीत आहे. "अहो ताई, ही काय गाय आहे धुवायला? वाट लावलीत हो तुम्ही!"

शालिनीताईंचा चेहरा पडला. जाताना त्यांनी बादली कोपऱ्यात उलटी घालून ठेवली आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शीट उघडली. कोपऱ्याची पट्टी काढायची, गरम हवेने शीट मऊ करायची आणि गादीवरची चादर ओढावी तशी हळूहळू मागे न्यायची. एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने श्वास धरायचा. आतलं प्लायवूड काळं, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखं. मी ते खरवडायला लागलो आणि थांबलो. काळे ओघळ बादलीचं पाणी लागावं तसे खालून किंवा दाराकडून आलेले नव्हते. चार ठिकाणांहून, वरून खाली आले होते. पाटीच्या चार स्क्रूंपासून.

पाटी मी लावली होती. आता आठवलं, सगळंच आठवलं. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी घड्याळ बघत होते, मुहूर्त संपायला पाच मिनिटं होती, तिघी "लावा लावा" करत होत्या आणि भोकात भरायचा सीलंट साकीनाक्याला गाळ्यात राहिला होता. या धंद्यातला पहिला नियम, बाहेरच्या शीटला भोक पाडलं की आधी सीलंट, मग स्क्रू. शिकाऊ माणूससुद्धा चुकत नाही. पण मुहूर्त टळला असता ना! मी चार स्क्रू कोरडेच ठोकले, म्हटलं, संध्याकाळी येऊन भरतो. मग शिरा खाल्ला. मग तीन वर्षं गेली.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मी काय केलं ते सांगतो. मी स्क्रू खिशात टाकले आणि गप्प बसलो. चाळीस वर्षं लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगणारा मी!

आणि पुढचे दिवस तर असे मजेत गेले की गप्प राहणं सोपं झालं. कुजलेलं काढलं, पण आतला फोम आणि कडा वाळायला तयार नाहीत. श्रावणातली मुलुंडची हवा, रुमाल वाळत नाही तिथे भिंत काय वाळणार? ओल मोजायची सुई मी रोज टोचायचो आणि ती रोज मला नाही म्हणायची. बुधवारी बेबीताई टेम्पो घेऊन आल्या. त्यातून काय उतरावं? पार्लरमधले चार ड्रायर! ते उभे, डोक्यावर टोपीसारखे घालून बायका मासिक वाचत बसतात ना, ते. चारी ड्रायर ओळीने भिंतीला लावले, वर ताडपत्री टाकली आणि वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. ट्रेलर केस सेट करायला बसल्यासारखा दिसायला लागला.

सेक्रेटरी धावत आले. "हे काय चाललंय इथे?"

"हेअर स्पा," बेबीताई म्हणाल्या. "तुमचं करू?"

सेक्रेटरींच्या डोक्यावर एक केस नव्हता. सगळं कंपाउंड खदखदून हसलं, आणि सेक्रेटरी आधी लाल झाले, मग तेही हसले. संध्याकाळपर्यंत बी विंगमधल्या दोघी पार्लर कधी उघडलं विचारून गेल्या. एकीने तर सुरू असलेल्या ड्रायरखाली डोकं घालून बघितलं. शुक्रवारी सुईने हो म्हटलं! मी आणि बेबीताईंनी तिथेच फुगडी घातली. दोन गिरक्यांत माझा गुडघा बोलला आणि मी बसलो.

शालिनीताई रोज यायच्या. डबा आणायच्या, वाढायच्या, आणि शुक्रवार आला तरी त्यांनी बादलीला हात लावला नाही. कुसुमताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रात्री फोन करून रडते हो ती. म्हणते, माझ्या हाताने मी आपलं माहेर कुजवलं. यंदा येणार नाही म्हणतेय." मी म्हटलं, "होतं असं." त्या दिवशी शालिनीताईंनी माझ्यासाठी पुरणपोळी आणली होती. ती मी न खाताच घरी नेली.

घरी बायकोने विचारलं आणि मी सांगून टाकलं. ती आमच्या मालवणीत तोफ डागते. "चूक तुमची आणि रडता ती बाय? उद्या जावन सांगा. नायतर माझ्या हातचा जेवान मागू नकात." आणि पोळी तिने स्वतः खाल्ली.

शनिवारी चिकटवायचं होतं. नवं प्लायवूड बसवलं, आणि मी मनाशी म्हटलं, काम झालं की सांगतो. हा गोंद मोठा नाठाळ. एकदा फासला की अर्ध्या तासाच्या आत शीट बसवून तिच्यावर दाब द्यायचा, नाहीतर सगळं फुकट. उभ्या भिंतीवर दाब कसा देणार? शीटवर फळ्या लावायच्या, आणि फळ्या आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मोटारीचे जॅक आडवे घालून आवळायचे. ट्रेलर सरकू नये म्हणून चाकांना दगड, पलीकडून टेकू. मी गोंद फासला, शीट बसवली, पहिली फळी लावली, आणि जॅक आवळायला वाकलो तोच धो धो पाऊस! ताडपत्री एका बाजूने सुटली. माझा जॅक सटकला, फळी पडली आणि शीट वरच्या कोपऱ्यातून सुटायला लागली.

"दाबा!" मी बोंबललो. "कोणीतरी दाबा रे!"

तिघींनी क्षणभरही विचार केला नाही. फळ्यांना पाठ लावून, पाय रोवून, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. कुसुमताईंनी छत्री फेकली. "सेक्रेटरी! उभे काय राहिलात? इकडे या!" आणि सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याने ट्रेलर हलवायची नोटीस काढली होती, तो ताडपत्रीचं टोक धरून भिजत उभा राहिला. शालिनीताईंची चष्म्याची काच पावसाने भरली होती, तरी त्या सगळ्यांत जास्त जोराने रेटत होत्या. दात ओठ खाऊन. मी एकेक जॅक आवळत गेलो. वीस मिनिटांनी म्हटलं, सोडा आता. कोणी सोडेना. बेबीताई म्हणाल्या, "अहो, माझी पाठ चिकटली की काय बघा." हसून हसून आम्ही तिथेच पाण्यात बसलो. आणि त्या हसण्यात सांगायचं राहूनच गेलं.

रविवारी निखिल आणि तो फूड स्टॉलवाला आले. मी जॅक काढले, फळ्या काढल्या. भिंत आरशासारखी सपाट. नाणं काढलं आणि सगळ्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत गेलो. टक टक टक टक. एकही धब नाही! वर गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. फूड स्टॉलवाला तर लगेच म्हणाला, "झकास! कधी नेऊ?"

निखिल आईकडे बघून म्हणाला, "कोणी नेणार नाही. राहू दे." मुलगा चांगलाच आहे तो. मग मावशीकडे वळून हसत म्हणाला, "फक्त शालूमावशी, आता बादली बंद हं."

शालिनीताईंनी मान खाली घातली. "मी येतच नाहीये रे या वर्षी. माझ्या हाताला यश नाही. या दोघी जातील." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. भिंत वाचवली मी, आणि माहेर मोडत होतो.

मी खिशात हात घातला आणि चार गंजलेले स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवले. "बादलीने नाही झालं, ताई. पाटीचे स्क्रू आहेत हे. मी ठोकले. मुहूर्ताच्या घाईत सीलंट लावला नाही आणि नंतर विसरलो. सोमवारीच मला कळलं होतं. तुम्ही रोज डबा आणत होतात आणि मी खात होतो. लाज वाटते मला."

शालिनीताईंनी स्क्रू बघितले, मग मला बघितलं. आणि मग काय सांगू! "सहा दिवस! मेल्या, सहा दिवस मी झोपले नाही! गाय धुताय का म्हणालास मला! आणि पुरणपोळी! पुरण वाटलं रे मी तुझ्यासाठी पाट्यावर!" एवढी वर्षं दळवी, अहो-जाहो, आणि एका झटक्यात मेल्या! त्यांनी खरंच बादली उचलली, नळाखाली भरली आणि माझ्या अंगावर ओतली. निखिल अडवायला निघाला, तर बेबीताईंनी त्याचा शर्ट धरला.

मी निथळत उभा. कुसुमताई पुढे आल्या. "दिगंबर," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. "शिक्षा होणार. सासरहून माहेरी न्यायला भाऊ येतो. आम्हाला भाऊ नव्हता. शेजारच्या पोरींचे भाऊ यायचे, दारात चपला काढायचे, आणि आम्ही तिघी आपापल्या पिशव्या घेऊन आपापल्या जायचो. पन्नास वर्षं. यंदा तू यायचंस. तिघींच्या घरी. जिना चढून."

"अहो ताई, ट्रेलर तर तुमच्या..."

"जिना चढून," कुसुमताई म्हणाल्या.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने तीन खण आणि तीन नारळ हातात दिले. आधी बोरिवली. बेबीताई गेटवरच उभ्या होत्या, मला बघून परत वर पळाल्या, कारण मी वर जायला हवं होतं. मग घाटकोपर. शालिनीताईंनी मुद्दाम अर्धा तास बसवून ठेवलं, दोनदा "मी नाही येत जा" म्हटलं आणि मी दोनदा मनवलं. त्यांच्या सुनेने माझे पाय धुवायला पाणी दिलं, बादलीतूनच, आणि तोंड दाबून हसली.

मग मुलुंड. ट्रेलर खालीच उभा होता, तो माझ्या पिकअपला जोडला. दोघी आत जाऊन बसल्या. मी तीन मजले चढलो आणि बेल दाबली. दार निखिलने उघडलं. आत कुसुमताई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहाटे पाचपासून अशाच बसल्यात म्हणून निखिल माझ्या कानात बोलला. समोरच्या दोन्ही फ्लॅटची दारं उघडी होती. आणि पाचवी ब च्या त्या आवाजात, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं, कुसुमताई म्हणाल्या,

"निखिल, आधी पाणी आण. माझा भाऊ आलाय न्यायला."